उपस्थात्याला आधार कोणाचा? : कर्करुग्णाची शुश्रूषा करणारे आप्त व ऑनलाइन आधारसमूह

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांस ज्ञात आहेतच. चरकाचार्यांनी खुड्डाकचतुष्पाद अध्यायात प्रत्येक पादाचे चार-चार गुण सांगितले. त्यांपैकी उपस्थात्याचे गुण म्हणजे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. आपल्या चर्चासत्रांतून व नियतकालिकांतून भिषक् आणि द्रव्य या दोन पादांचा ऊहापोह भरपूर होतो, रोगीपरीक्षणही तपशिलाने शिकविले जाते. उपस्थाता मात्र परीक्षेतील श्लोकापुरता उरतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या पादाचा, त्यातही कर्करुग्णाच्या उपस्थात्याचा, विचार करावयाचा आहे.

संहिताकारांच्या डोळ्यांसमोरील उपस्थाता हा शुश्रूषेचे ज्ञान असलेला परिचारक होता. आजचा उपस्थाता म्हणजे रुग्णाची पत्नी, मुलगा, सून, कधी कधी महाविद्यालयात शिकणारी मुलगी. अनुराग त्यांच्यापाशी उदंड असतो, परंतु उपचारज्ञता व दाक्ष्य हे गुण त्यांना निदानाच्या दिवसापासून अक्षरशः रातोरात संपादन करावे लागतात. ते कोठून संपादन करावयाचे? रुग्णालयातील तज्ज्ञ भेटतात ते दहा मिनिटे. उरलेल्या वेळी हाती असतो तो भ्रमणध्वनी. त्या पडद्यावरून मिळणारा आधार खरा कोणता, घातक कोणता आणि या व्यवहारात वैद्यांनी व औषधालयांच्या मालकांनी काय करावे, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

उपस्थात्यावरील भार

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात देशात सुमारे १४ लाख ६० हजार नवे कर्करुग्ण होते. यांतील बहुतेकांमागे घरातील एक तरी माणूस आपले काम, झोप व जेवणाच्या वेळा बाजूस सारून उभा असतो. तपासण्यांचे कागद क्रमाने लावणे, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे जमविणे, नाकातील नळीतून अन्न देणे, पोटावरील पिशवी बदलणे, वेदनाशामक औषधांच्या वेळा सांभाळणे आणि या सर्वांवर रुग्णासमोर चेहरा हसरा ठेवणे, ही त्याची दिनचर्या.

या भाराचा परिणाम शरीरावर होतो. रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६६ ते ९६ वर्षे वयाच्या, जोडीदाराची काळजी घेणाऱ्या व्यक्तींचा चार वर्षे मागोवा घेतला होता. शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्या व्यक्तींमध्ये मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्या समवयस्कांच्या तुलनेने, ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. हा अभ्यास केवळ कर्करोगापुरता नव्हता, तरी त्याचा बोध येथेही लागू पडतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर रात्रीजागरण, विषमाशन, वेगावरोध, चिंता व शोक हे सर्व वातप्रकोपक हेतू एकाच व्यक्तीच्या ठिकाणी दीर्घकाळ एकत्र येतात. अग्निमांद्य, निद्रानाश, कटिशूल व हृद्द्रव अशा तक्रारी घेऊन ही व्यक्ती कधी ना कधी आपल्याच चिकित्सालयात येते. ती शुश्रूषा करीत आहे, हे मात्र विचारल्याखेरीज कळत नाही.

महाराष्ट्रातील घरांत आणखी एक गोष्ट वारंवार आढळते. निदान रुग्णापासून लपविले जाते. 'गाठ आहे, औषधाने विरघळेल' असे सांगून वेळ मारून नेली जाते. मग घरात रोगाचे नाव उच्चारावयाचे नाही, नातेवाइकांना कळू द्यावयाचे नाही आणि शेजारी तर विषयच काढावयाचा नाही. परिणामी भरल्या घरात उपस्थाता एकटा पडतो. अशा माणसाला मध्यरात्री पडद्यापलीकडील अनोळखी व्यक्ती जवळची वाटते, यात नवल नाही. तेथे निदान रोगाचे नाव तरी घेता येते.

आधार म्हणजे नेमके काय?

समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये सामाजिक आधाराचे चार प्रकार मांडले. पहिला भावनिक आधार, म्हणजे कोणी तरी ऐकून घेणे. दुसरा माहितीचा आधार. तिसरा प्रत्यक्ष मदतीचा, म्हणजे पैसा, वाहन, रात्रीची पाळी, डबा. चौथा निर्वाळ्याचा, म्हणजे 'तुम्ही करता आहात ते योग्यच आहे' असे जाणत्याने सांगणे.

हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. उपकल्पनीय अध्यायात रुग्णालयाची सिद्धता सांगताना चरकाचार्यांनी औषधे व उपकरणे यांच्या जोडीने गीत, वाद्य, आख्यायिका व इतिहास जाणणारी, संभाषणात कुशल अशी मंडळी जवळ असावीत असे सांगितले आहे. तिस्रैषणीय अध्यायात मानस विकारांच्या उपचारात तद्विद्यसेवा सांगितली आहे. तद्विद्य म्हणजे तो विषय जाणणारा, आणि त्याची संगत धरणे ही चिकित्साच होय. ज्याने आपल्या आईची केमोथेरपी निभावून नेली, तोंड आल्यावर काय भरविले व काय टाळले हे ज्याने पाहिले, तो त्या अनुभवापुरता तद्विद्य मानावयास आमच्या मते प्रत्यवाय नसावा. मात्र येथेच विवेकाची गरज आहे. त्या अनुभवापुरता तद्विद्य असलेला माणूस औषधयोजनेत तद्विद्य ठरत नाही. ऑनलाइन समूहांचे गुण व दोष या दोन्हींचे मूळ या एका भेदात आहे.

ऑनलाइन आधाराचा पूर्वेतिहास व पुरावा

या प्रकारच्या आधाराचा आरंभ एका उपस्थात्यानेच केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमधील जील फ्रिडमन यांच्या पत्नीस १९९५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. माहितीच्या शोधात असता त्यांना संगणकावरून परस्परांशी पत्रव्यवहार करणारा रुग्णांचा व आप्तांचा समूह सापडला. त्या अनुभवातून त्यांनी 'असोसिएशन ऑफ कॅन्सर ऑनलाइन रिसोर्सेस' ही संस्था स्थापन केली आणि कर्करोगाच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी वेगवेगळे समूह उभे केले. दुर्मिळ कर्करोगाच्या रुग्णाच्या आप्तास स्वतःच्या गावात समदुःखी भेटणे जवळजवळ अशक्य असते. ती उणीव या मार्गाने भरून निघाली.

असा आधार खरोखर उपयुक्त ठरतो काय, याचे उत्तर शोधणारा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त अशा २८५ जोड्या त्यात होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटास इंटरनेटची सोय व रोगविषयक माहितीस्थळांची यादी दिली. दुसऱ्या गटास 'चेस' नावाची खास रचलेली व्यवस्था दिली. तीत निवडक माहिती, आप्तांचा परस्परसंवाद, निर्णयास साहाय्य करणारी साधने आणि रुग्णाची लक्षणे चिकित्सकांपर्यंत पोहोचविण्याची सोय होती. सहा महिन्यांनंतर 'चेस' वापरणाऱ्या आप्तांमध्ये शुश्रूषेचा भार व मनाची खिन्नता दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळली. दैनंदिन जीवनातील विस्कळीतपणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

या निष्कर्षातील मर्म पाहावे. इंटरनेट दोन्ही गटांपाशी होते, लाभ मात्र एकासच झाला. म्हणजे माहितीच्या महासागरात उपस्थात्यास सोडून देणे हा आधार नव्हे. निवडलेली माहिती, जाणत्यांची संगत आणि चिकित्सकाशी जोडलेला धागा ही तीन अंगे एकत्र आली, तेव्हाच पडद्यावरील संवादास आधाराचे रूप आले. आणि दिवसभराची धावपळ तर त्यानेही कमी झाली नाही. त्यासाठी प्रत्यक्ष माणसेच लागतात.

आपल्याकडील उपयोग

गडचिरोली वा नांदेड जिल्ह्यातील कुटुंब रुग्णास घेऊन परळला येते, तेव्हा पहिला प्रश्न राहण्याचा असतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांची माहिती आधी जाऊन आलेल्या आप्ताकडून दोन ओळींच्या संदेशाने मिळाली, तर रेल्वेस्थानकावरील एक रात्र वाचते. हा माहितीचा आधार होय. केमोथेरपीच्या तिसऱ्या दिवशी रुग्ण अन्नाकडे पाहतही नाही, तेव्हा 'आमच्याकडेही असेच झाले, पाचव्या दिवशी पेज घेतली' असे वाक्य वाचून सुनेला धीर येतो. तो निर्वाळ्याचा आधार. मुलगा परदेशी, आई-वडील सांगलीस, अशा घरांत तर संध्याकाळची दृश्यभेट हाच शुश्रूषेतील त्याचा वाटा असतो. औषधांचा तक्ता ठेवणे, तज्ज्ञांची वेळ घेणे, बिले भरणे ही कामे दुरूनही होतात आणि जवळच्या बहिणीचा भार तेवढा हलका होतो.

२०२० च्या टाळेबंदीने या साधनाचे मोल आणखी स्पष्ट केले. तथापि त्याच्या मर्यादाही आपल्या समाजात ठळक आहेत. घरातील शुश्रूषेचा मोठा वाटा स्त्रियांकडे असतो. त्यांतील अनेकींपाशी स्वतःचा फोन नसतो, असल्यास तो सामाईक असतो. विश्वासार्ह माहिती बहुधा इंग्रजीत असते. मुंबईच्या जासकॅप संस्थेने कर्करोगविषयक पुस्तिका मराठी, हिंदी व गुजरातीत आणल्या, तशा प्रयत्नांची अद्याप फार गरज आहे.

धोके

१. असत्य माहिती : अमेरिकेतील संशोधकांनी स्तन, पुरःस्थ ग्रंथी, मोठे आतडे व फुप्फुस यांच्या कर्करोगांविषयी २०१८ व २०१९ या वर्षांत समाजमाध्यमांवर सर्वाधिक पसरलेले २०० लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ३२.५ टक्के लेखांत असत्य माहिती होती व ३०.५ टक्के लेखांत अपायकारक माहिती होती. शिवाय असत्य लेखांना वाचकांचा प्रतिसाद अधिक होता. आपल्याकडे लक्ष्मणफळ केमोथेरपीहून दहा हजार पट प्रभावी असल्याचा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. मनुष्यांवरील चिकित्सापरीक्षणांत त्यास आधार नाही. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर या वर्गातील फळांचे व पानांचे सेवन आणि कंपवातासारखा विकार यांचा संबंध संशोधकांनी १९९९ मध्येच नोंदविला आहे.

२. लपविलेली औषधे : समूहात वाचून आप्त चूर्णे, रस व काढे सुरू करतात आणि कर्करोगतज्ज्ञांस सांगत नाहीत. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटल्या असता गव्हांकुरांसारखा न शिजवलेला रस जंतुसंसर्गास कारण होऊ शकतो. यकृतावर आधीच ताण असता अज्ञात घटकांचे औषध त्यात भर घालते, आणि दोष कोणाचा हे मग कोणासच कळत नाही.

३. वाया गेलेला काळ : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पसरण्यापूर्वीच निदान झालेल्या चार प्रकारच्या कर्करोगांत प्रमाणित चिकित्सा न घेता केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रमाणित चिकित्सा घेणाऱ्यांशी केली होती. मृत्यूचा धोका पहिल्या गटात अडीच पट आढळला. त्या अभ्यासाचा रोख आयुर्वेदावर नव्हता. तरीही साध्य अवस्थेतील रोग असाध्य होईपर्यंतचा काळ कोणाच्या सल्ल्याने गेला, हा प्रश्न आपणांस टाळता येणार नाही. साध्यासाध्यत्व व क्रियाकाल यांचा विचार ज्या शास्त्राने इतका काटेकोर केला, त्या शास्त्राच्या नावाने तरी असे घडू नये.

४. गुप्तता : मुखकर्करोगाच्या व्रणाची छायाचित्रे, नाव व दूरध्वनी असलेले अहवाल समूहात टाकले जातात. ते कोठे पोहोचतील यावर कोणाचे नियंत्रण राहत नाही. घरातील सामाईक फोनवरून, ज्यास निदान सांगितलेले नाही अशा रुग्णास ते अशा रीतीने कळते, ही तर क्रूर गोष्ट होय.

५. मनावरील आघात : समूहातील कोणा रुग्णाच्या निधनाची वार्ता मध्यरात्री येते. आपल्याच माणसाचे भविष्य वाचल्यासारखे होऊन उरलेली झोपही जाते.

वैद्यांनी काय करावे?

प्रथम, रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीस स्वतंत्रपणे विचारावे की, 'तुम्ही झोपता किती? जेवता केव्हा? तुमच्याशी बोलायला कोण आहे?' नंतर विचारावे की, 'फोनवर काय वाचता? कोणत्या समूहात आहात? त्यावरून काही सुरू केले आहे काय?' हे विचारताना स्वरात दरडावणी नसावी. दरडावलेला माणूस पुढच्या खेपेस सांगत नाही, एवढाच त्याचा परिणाम.

समूह योग्य की अयोग्य हे ठरविण्यासाठी आप्तास पुढील पाच प्रश्न लिहून द्यावेत :

१. समूह कोण चालवितो? संस्थेचे नाव व पत्ता उघड आहे काय?
२. चुकीच्या मजकुरास हटकणारा जाणता नियामक आहे काय?
३. तेथे काही विकले जाते काय, अथवा पैसे मागितले जातात काय?
४. चालू चिकित्सा बंद करण्यास कोणी सुचवितो काय?
५. वाचून झाल्यावर मन हलके होते की भय वाढते?

तिसऱ्या वा चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर तो समूह तत्काळ सोडण्यास सांगावे. त्यासोबत पर्यायही द्यावा, कारण रिकाम्या हाताने परत पाठविलेला माणूस पुन्हा तेथेच जातो. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून आणि व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून रुग्ण व आप्त यांच्यासाठी कार्य करीत आहेत. पुण्यातील वारजे येथील सिप्ला उपशामक केंद्र १९९७ पासून रुग्णासोबत कुटुंबीयासही शुश्रूषेचे शिक्षण देते. मन खचले असता केंद्र शासनाची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर ठळक लावावा.

सहायक म्हणून आपण औषध देणार असू, तर औषधाचे नाव, घटक व मात्रा स्वच्छ अक्षरांत लिहून ती चिठ्ठी कर्करोगतज्ज्ञांच्या कागदांत लावण्यास सांगावी. आपले औषध लपवावे लागू नये, यातच आपली प्रतिष्ठा आहे. तसेच समूहातील प्रश्नास दोन ओळींत औषधयोजना सुचविणे टाळावे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी २०२० मध्ये दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आहेत. रुग्णाची ओळख, संमती व नोंद यांवाचून दिलेला सल्ला ही चिकित्सा नव्हे.

औषधालयांच्या मालकांनी काय करावे?

फोनवरील चित्र दाखवून 'हे आहे का?' असे विचारणारा ग्राहक आपल्या गल्ल्यापुढे नित्य येतो. पुडी बांधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कोणासाठी हवे? त्यांची कोणती चिकित्सा चालू आहे? त्यांच्या डॉक्टरांना हे ठाऊक आहे काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर विक्री न करता वैद्याकडे पाठवावे. एका पुडीचा नफा बुडेल, परंतु त्या कुटुंबाचा विश्वास दुकानाशी जोडला जाईल.

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यातील अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. कर्करोग बरा करण्याचा वा टाळण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्यान्वये निषिद्ध आहे. जाहिरातीची व्याख्या या अधिनियमात व्यापक असल्याने, समूहात टाकलेला 'गुण आल्याचा' मजकूरही तिच्या कक्षेत येऊ शकतो असे समजूनच वागावे. ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक परस्पर प्रचारसमूहात जोडणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

उपस्थात्याचे स्वास्थ्य

आधाराचा विचार औषधावाचून पूर्ण होतो, पथ्यावाचून नव्हे. सवय नसता रात्री जागरण घडल्यास त्याच्या निम्म्या काळाइतकी झोप सकाळी, अन्न घेण्यापूर्वी घ्यावी, असे वाग्भटाचार्यांनी अन्नरक्षाध्यायात सांगितले आहे. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीस हा एक नियम समजावून द्यावा आणि त्या वेळात रुग्णाजवळ कोण बसेल, हे कुटुंबीयांसमोरच ठरवून घ्यावे. एक वेळचे उष्ण जेवण ठरल्या वेळी, पायांस तेल, मलमूत्रादी वेग न रोखणे आणि रात्री दहानंतर समूह बंद, एवढे पथ्य पाळले गेले तरी पुष्कळ साधते. सत्त्वावजयाचा आरंभ येथूनच होतो.

रुग्णाचे निधन झाल्यावर उपस्थात्याचे काय, हा प्रश्न अखेरीस उरतो. रुग्णालयाच्या खेपा थांबतात, समूहातील संवाद आटतो आणि ज्या ओळखींवर कित्येक महिने काढले त्याही दुरावतात. अशा वेळी मासाभराने वैद्याने केलेला एक दूरध्वनी कोणत्याही समूहाहून मोलाचा ठरतो. त्यास द्रव्य लागत नाही, केवळ स्मरण लागते.

उपसंहार

ऑनलाइन आधार हे साधन आहे, आणि त्याचे गुणदोष वापरणाऱ्याच्या युक्तीवर अवलंबून आहेत. निवडक माहिती, तद्विद्यांची संगत व चिकित्सकाशी जोडलेला धागा असेल तर तो उपस्थात्यास उपचारज्ञता व दाक्ष्य देतो. ही तीन अंगे नसतील, तर त्याच्या अनुरागाचाच बाजार मांडला जातो. तो धागा जोडण्याचे काम गावोगावच्या चिकित्सालयांतून व औषधालयांतून होऊ शकते, कारण तो आप्त आपल्या दारी येतोच. वैद्यबंधूंनी व भगिनींनी पुढील कर्करुग्णाची नोंद करताना त्याच्या उपस्थात्याचे नाव व त्याच्या झोपेचे तास हे दोन रकाने केसपेपरवर अवश्य वाढवावेत, ही नम्र विनंती.